प्रतवारी

महनाझ पेन्सिलीनं काढत जाते,
पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
एक चौकोन भरून काळा करते. सिक्स्टेन. माझा भाऊ. सत्तावन्न.
लिम्फोमा, ती म्हणते, आणि शब्द हळूच टेबलावर ठेवते,
अंडं ठेवावं तसा.
"आणि वडील?"

वडील, आल्गोत. मी अकरा वर्षांची होते.
मानेला काहीतरी झालं होतं त्यांच्या.
भर उन्हाळ्यात कॉलर वर करून बसत,
आई शेजारणींना सांगे, थकलेत.
अख्ख्या गावाला तेवढा एक शब्द पुरला.

महनाझ पडदा माझ्याकडे वळवते.
जुन्या केसपेपरचं छायाचित्र, टाइप केलेला तोच शब्द,
खाली आईची सही, तिरकी, घाईची.
म्हणजे नाव ठाऊक होतं तिला.
तीस वर्षं जिभेखाली धरलं
आणि तसंच सोबत घेऊन गेली.
महनाझ दुसरा चौकोन भरते.
पेन्सिलीचं टोक मोडतं. ती म्हणते, सॉरी,
जणू तिनंच काही केलं.

मी उमेओच्या उत्तरेला, लाकडाच्या गिरणीत
तेहतीस वर्षं फळ्यांची प्रतवारी केली.
पाइनची फळी समोरून जाते, दोन सेकंद मिळतात.
गाठ बघायची. जिवंत की मेलेली?
जिवंत गाठ झाडासोबत वाढलेली, ती फळी सोडत नाही.
मेलेली वाळली की टपकन निसटते,
भोकातून पलीकडचा माणूस दिसतो.
गाठ म्हणजे काय, नव्या पोरांना मी सांगायची,
इथे कधीतरी एक फांदी होती, एवढंच.

शरीरात सगळं उलटं.
जी जिवंत, वाढणारी, न दुखणारी,
तिचीच भीती.

शंभरात दोघांना होतो, महनाझ सांगते.
सख्ख्या नात्यात असेल तर तिघांना, कधी चौघांना.
"दुप्पट हा शब्द मोठा वाटतो.
पण थोड्याचं दुप्पटही थोडंच."
उरलेल्या शहाण्णवांची मी मनात रांग लावते,
गिरणीच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत,
आणि शेवटी स्वतःला उभं करते. थंडी वाजते.
तपासण्या नकोत, ती म्हणते. लक्ष ठेवा फक्त.
न जाणारी गाठ, रात्रीचा घाम, उगाच उतरणारं वजन.

लक्ष ठेवणं मला येतं. नको तितकं येतं.
बोटं सारखी मानेवर. अंघोळीत, सिग्नलला,
सौनाच्या वाफेत, जिथे घाम कशाचा ते कळतच नाही.
रविवारी त्यीरा निघाली, मी तिचा मफलर नीट केला,
हात जरा जास्तच रेंगाळला.
"आई, तू मला तपासतेयस."
नाही गं, म्हटलं. लोकर खाजत नाही ना, ते बघत होते.
थकलेत, म्हणणाऱ्या बाईचीच मी मुलगी.
मग तिला परत बोलावलं, बूट काढायला लावले,
आणि सांगितलं. आजोबांचं नावसुद्धा, आजाराचंही.
ती बराच वेळ बूट हातात धरून बसली.
"बरं," म्हणाली. "कॉफी आहे का अजून?"

सिक्स्टेन बर्फावर बसलाय, खुर्ची टाकून,
भोकात गळ सोडायच्या तयारीत.
टोपीखाली डोकं गुळगुळीत.
मी आकडे सांगते, तो हसतो.
"लहानपणी तू मला तुझी स्की दिली नाहीस कधी.
आता हे कशाला वाटून घेतेस?"
औषधानं त्याची बोटं बधिर झालीत.
दोरा तीनदा निसटतो, चौथ्यांदा तो माझ्याकडे सरकवतो,
माझ्याकडे न बघता.
"तू मार गाठ."

हातमोजे दातांनी काढते. मारते.
तो ओढून बघतो, एकदा, मग जोरात.
"धरलीय," म्हणतो,
आणि गळ पाण्यात सोडतो.